एफएलएमएसजीवर संदेश-फॉर्म: भरण्यापासून पोच मिळेपर्यंतचा नीट क्रम

सरावाच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या हौशी रेडिओ केंद्रांच्या मेळाव्यात, एक गोंधळ हमखास होतो. पाठवणारा म्हणतो "गेला", घेणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरं धावताना दिसतात, पण फॉर्म काही उघडत नाही. मग पुन्हा पाठवा, मोड बदला, आवाज कमी करा असं बराच वेळ चालतं आणि शेवटी कोणीतरी सगळा मजकूर माइकवर वाचून दाखवतो. अशा वेळी रेडिओही ठीक असतो आणि सॉफ्टवेअरही. चुकतो तो क्रम.

हा लेख एफएलडिजी (मजकुराचे सूर करून रेडिओवरून पाठवणारं आणि आलेल्या सुरांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या जोडीला चालणाऱ्या एफएलएमएसजी (संदेशाचे फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर) यांबद्दल आहे. दोन्ही मोफत आहेत, विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतात आणि चालताना इंटरनेट लागत नाही. तुमच्याकडे परवाना आहे आणि एफएलडिजीवर निदान पीएसके31 या मोडची (मोड म्हणजे मजकुराचे सूर करण्याची पद्धत) गप्पाटप्पा जमते, असं मी धरून चाललो आहे. उदाहरणासाठी मुख्यतः आयसीएस-213 हा अमेरिकी आपत्ती-व्यवस्थेतला सर्वसाधारण संदेशाचा फॉर्म घेतला आहे, कारण सरावात तोच सर्वाधिक वापरला जातो.

पुढच्या प्रत्येक टप्प्यामागे एकच गोष्ट आहे: संदेश ज्याने लिहिला त्याचा असतो, ऑपरेटर फक्त तो पोचवतो. अक्षर, आकडा, वेळ, सही, सगळं जसंच्या तसं पलीकडे गेलं पाहिजे आणि गेल्याचा पुरावा हातात राहिला पाहिजे.

सुरू करण्यापूर्वी: हा संदेश आपण घेऊ शकतो का?

आपल्याकडच्या हौशी रेडिओ नियमांत तिऱ्हाइताचे संदेश एरवी चालत नाहीत. पूर, भूकंप, चक्रीवादळ अशा आपत्तीत नेहमीची संपर्कयंत्रणा बंद पडली, तर जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम नागरी अधिकाऱ्यांचे आपत्तीसंबंधीचे संदेश नेता येतात. भाषा उघड हवी, सांकेतिक नको. सरावात मात्र संदेश आपल्याच मंडळींनी एकमेकांना लिहिलेले असावेत आणि प्रत्येकाच्या विषयात व मजकुराच्या पहिल्या ओळीत "एक्सरसाइज" हा शब्द असावा. कोणी मध्येच ऐकलं तर खऱ्या पुराची अफवा पसरायला वेळ लागत नाही.

टप्पा 1: केंद्राची माहिती भरा

एफएलएमएसजी उघडल्यावर पहिला फॉर्म भरायला घेऊ नका. आधी कॉन्फिग मेनूत जा.

वैयक्तिक माहितीत कॉलसाइन (परवान्यावरचं तुमचं ओळखनाव), नाव, गाव भरा. कॉलसाइन विसरू नका, कारण फॉर्म कोणी तयार केला, कोणी बदलला आणि केव्हा, याची नोंद एफएलएमएसजी फायलीच्या डोक्यावर स्वतःच ठेवतं. कॉलसाइन कोरा असेल तर ती नोंद निकामी होते. संदेश तीन केंद्रांतून फिरून आला की नेमकी हीच नोंद लागते.

तारीख-वेळेची रचना ठरवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. एकाने 1430 भारतीय वेळ लिहिली आणि दुसऱ्याने ती यूटीसी समजली, तर दुपारचा संदेश रात्री आठचा होतो. स्थानिक आपत्तीत अधिकारी घड्याळ पाहून बोलतात, म्हणून माझं मत स्थानिक वेळेच्या बाजूने आहे. कोणतीही घ्या, पण सगळ्या नेटची एकच असू द्या आणि आकड्यापुढे ती कोणती हे लिहिलेलं असू द्या.

फायलींची नावं कशी तयार व्हावीत तेही इथेच ठरतं. कॉलसाइन, तारीख-वेळ आणि अनुक्रमांक या तिन्हींवर खूण करा. नाहीतर "डिफॉल्ट" नावाच्या फायलीवर दुसरी "डिफॉल्ट" बसते आणि सकाळचा संदेश कायमचा जातो.

*तपासा:* एक कोरा आयसीएस-213 उघडा, विषयात काहीही लिहा, जतन करा. फायलीच्या नावात तुमचा कॉलसाइन दिसतोय का? तारीख बरोबर आहे का? संगणकाचं घड्याळ चुकलेलं असेल तर ते आत्ताच कळेल.

टप्पा 2: एफएलडिजीशी सांधा जोडा

एफएलडिजी आधी सुरू करा, एफएलएमएसजी नंतर. एफएलएमएसजी स्वतः आवाज काढत नाही. ते फॉर्म गुंडाळून एफएलडिजीच्या हवाली करतं, आणि एफएलडिजी चालू नसेल तर संदेश जागीच राहतो.

एफएलडिजीच्या कॉन्फिगर मेनूत एनबीईएमएसचा (या कुटुंबातल्या सॉफ्टवेअरच्या संदेशप्रणालीचा) भाग शोधा (आवृत्तीनुसार जागा थोडी बदलते, बहुतेक ठिकाणी तो "मिस्क" खाली असतो). तिथे तीन गोष्टी करा: डेटा फाइल इंटरफेस चालू करा, आलेली फाइल एफएलएमएसजीत उघडण्याची खूण लावा, आणि एफएलएमएसजी संगणकात कुठे आहे तो मार्ग दाखवून द्या. मार्ग दाखवायचा राहिला तर संदेश बिनचूक येऊनही पडद्यावर काहीच उघडत नाही, आणि माणूस उगीच अँटेना तपासत बसतो.

मग एफएलडिजीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली आरएक्सआयडी आणि टीएक्सआयडी ही दोन्ही बटणं चालू करा. पाठवणाऱ्याच्या टीएक्सआयडीमुळे संदेशाआधी एक छोटी ओळखखूण जाते. घेणाऱ्याचं एफएलडिजी ती ऐकून योग्य मोड आणि योग्य जागा आपोआप पकडतं. आरएसआयडीच्या (याच ओळखखुणेच्या) सेटिंगमध्ये पूर्ण पासबँड (रेडिओतून येणारा आवाजाचा सगळा पट्टा) शोधायची खूणही लावून ठेवा, नाहीतर ते फक्त तुमच्या कर्सरच्या आसपासच कान देतं.

*सावधान:* आवाजाची पातळी वाढवली की सिग्नल जोरात जातो, हा समज सोडा. एसएसबीवर (लांब पल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपण-पद्धतीत) एएलसीचा (रेडिओ आपोआप पातळी आवरतोय हे दाखवणारा) काटा हलू लागला की सिग्नल फाटतो आणि पलीकडे कचरा उमटतो. काटा हलायला लागेल तिथून आवाज थोडा खाली आणा. एफएमवरही तेच. ऑडिओ जास्त झाला तर तो कापला जातो.

टप्पा 3: नेट सुरू होण्याआधी चार गोष्टी ठरवा

मोड, फॉर्म, वेळ आणि पोच देण्याची पद्धत, या चार गोष्टी नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्या केंद्राने) आधी जाहीर करायच्या. प्रत्येकाने आपापल्या आवडीचा मोड लावायचा नाही.

व्हीएचएफ एफएमवर, म्हणजे आपल्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एमटी63-2केएल उत्तम चालतो. तो साधारण 500 ते 2500 हर्ट्झ एवढी रुंदी व्यापतो, सेकंदाला 20 च्या आसपास अक्षरं नेतो आणि थोडीबहुत खरखर पचवतो. केबल नसेल तर हँडीचा (हातातल्या रेडिओचा) माइक लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरूनही तो जातो. मात्र खोलीत त्या वेळी कोणी बोलू नये, आणि पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) शेवटचा सूर थांबल्यावर क्षणभराने सोडावा.

एचएफवर (लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर) एमएफएसके32 घ्या. सिग्नल अगदीच क्षीण असेल तर ऑलिव्हिया, पण तो संथ आहे, म्हणून संदेश छोटा हवा. पीएसके31 गप्पांसाठी छान आहे. फॉर्मसाठी नको, कारण त्यात चूक दुरुस्त करण्याची सोय नाही आणि फॉर्मला एक अक्षर चुकलेलंही चालत नाही.

टप्पा 4: योग्य फॉर्म निवडा

एका माणसाकडून दुसऱ्याला एक मागणी किंवा माहिती असेल तर आयसीएस-213. यादी असेल, उदाहरणार्थ निवारा केंद्रं आणि तिथली माणसं, तर ती स्प्रेडशीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून सीएसव्ही फॉर्ममध्ये भरा. ती 213 च्या मजकुरात जागा सोडून सोडून रचू नका, पलीकडे रकाने हमखास सरकतात. नुसती सूचना असेल तर साधा मजकूर पुरे. रेडिओग्राम हा अमेरिकेतल्या एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या पद्धतीचा फॉर्म आहे. रिलेचा (संदेश एका केंद्रातून पुढच्या केंद्राकडे नेण्याचा) सराव करायला तो फार चांगला, म्हणून त्याच्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

टप्पा 5: फॉर्म भरा

आधी कागद, मग संगणक. अधिकाऱ्याने लिहिलेला किंवा तुम्ही लिहून घेतलेला मजकूर त्यांना वाचून दाखवा, सही घ्या, आणि मगच टाइप करायला बसा.

"प्रति" आणि "कडून" या दोन्ही रकान्यांत व्यक्तीबरोबर हुद्दा लिहा. संदेश पोचेपर्यंत पाळी बदललेली असू शकते. नावाचा माणूस घरी गेलेला असतो, पण हुद्द्यावर कोणीतरी बसलेलं असतं. ऑपरेटरने "कडून" मध्ये स्वतःचं नाव टाकायचं नाही. तुमचा कॉलसाइन फायलीच्या नोंदीत आलेलाच आहे.

मूळ आयसीएस-213 मध्ये तातडी दाखवायला वेगळा रकाना नाही. ती विषयाच्या सुरुवातीला लिहायची, आणि शब्द नेटने ठरवलेलेच वापरायचे. रेडिओग्राममध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो आणि चारच पातळ्या असतात: रूटीन, वेल्फेअर, प्रायॉरिटी, इमर्जन्सी. तातडी ठरवतो तो संदेश देणारा. ऑपरेटरने आपल्या अंदाजाने ती वाढवू नये.

मजकुरात गावाबरोबर तालुका लिहा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळही आहे आणि पुलाची शिरोलीही आहे. रोमन लिपीत त्यांच्यातला फरक शेवटच्या एका अक्षराचा. बोट भलत्याच तालुक्यात जायला तेवढं पुरतं. "दोन बोटी, 40 माणसं, शिरोळ तालुका, अमुक गाव, शाळेची इमारत" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला परत विचारावं लागत नाही.

*तपासा:* टाइप केलेला मजकूर दुसऱ्या माणसाला मूळ कागदाशी ताडून वाचायला द्या. आकडे मोठ्याने वाचा. यापुढच्या सगळ्या तपासण्या मजकूर वाटेत बिघडला की नाही एवढंच सांगतात. तुम्ही 40 चे 400 टाइप केलेत तर सॉफ्टवेअर ते 400 निष्ठेने पोचवेल.

देवनागरीत पाठवायचं का?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, पाय मोडल्याची खूण, यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. "बोट पाठवा" हे मधल्या जागेसह 25 बाइट होतात. तेच रोमन लिपीत लिहिलं तर 10. एमटी63 सारखा मोड मुळात सात बिटांचा असल्याने तिथे फरक आणखी वाढतो. शिवाय एफएलएमएसजीच्या रकान्यांत मात्रा आणि जोडाक्षरं नीट जुळून दिसतात का, हे प्रत्येक संगणकावर आधी पाहावं लागतं.

म्हणून तातडीचा संदेश रोमन लिपीत पाठवा. पण मराठीतला संदेश असेल तर मराठीच राहू द्या, फक्त लिपी बदला. ऑपरेटरने तिथल्या तिथे इंग्रजी भाषांतर करायचं नाही. "पाणी ओसरतंय" आणि "पाणी ओसरलंय" यांत अधिकाऱ्यासाठी मोठा फरक आहे, आणि घाईच्या भाषांतरात पहिला बळी अशाच फरकाचा जातो. ळ आणि ल, ण आणि न रोमनमध्ये कसे लिहायचे, हे नेटने आधीच ठरवून कागदावर वाटून ठेवलेलं असावं.

टप्पा 6: जतन करा, आकार पाहा, मग पाठवा

1. फॉर्म जतन करा. पाठवून झालेल्या संदेशात दुरुस्ती निघाली तर तीच फाइल बदलू नका. नवा फॉर्म, नवा क्रमांक, आणि मजकुरात "अमुक क्रमांकाच्या संदेशाची दुरुस्ती" असं स्पष्ट लिहा.

2. खिडकीच्या तळाशी मोड निवडा. शेजारी संदेश किती बाइटांचा आहे आणि त्याला किती वेळ लागेल ते दिसतं. हा आकडा न पाहता पाठवण्याची सवय फार महागात पडते. हजार बाइटांना एमटी63-2केएलवर साधारण 50 सेकंद, एमएफएसके32 वर दीड मिनिटाच्या आसपास, पीएसके31 वर तीन मिनिटांहून जास्त. बऱ्याच हँडींत आणि रिपीटरांत (सिग्नल घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रांत) ठरावीक वेळाने प्रक्षेपण तोडणारा टायमर असतो. संदेश त्याहून लांब असेल तर शेवट कापला जातो, आणि शेवट गेला की सगळाच गेला.

3. एफएलडिजीतही तोच मोड आहे ना ते बघा. दोन्ही एकमेकांशी जुळवून ठेवण्याची सोय कॉन्फिगमध्ये आहे, ती चालू ठेवा.

4. माइकवर नेट कंट्रोलची परवानगी घ्या. "एक 213, 480 बाइट, एमटी63-2केएल, तयार आहात का?" असं विचारा. "तयार" असं ऐकू आल्याशिवाय पाठवू नका.

5. फाइल मेनूतून ऑटोसेंड दाबा.

*सावधान:* मजकूर कॉपी करून एफएलडिजीच्या पाठवायच्या खिडकीत चिकटवू नका. ऑटोसेंड मजकुराभोवती "रॅप" या शब्दाच्या चौकोनी कंसातल्या खुणा घालतं आणि त्यांच्यात चार अक्षरी चेकसम (मजकूर वाटेत बिघडला का ते ताडायची खूण) ठेवतं. चिकटवलेल्या मजकुरात यातलं काहीच नसतं. म्हणून पलीकडे अक्षरं दिसतात, पण फॉर्म उघडत नाही. वर सांगितलेल्या गोंधळाचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

संदेश खूप मोठाच असेल, म्हणजे पानभर यादी वगैरे, तर त्याच कुटुंबातलं एफएलएएमपी वापरा. ते फाइलचे तुकडे करून पाठवतं. घेणारा फक्त न आलेल्या तुकड्यांचे क्रमांक कळवतो आणि तेवढेच पुन्हा जातात. ऑटोसेंडमध्ये एक अक्षर चुकलं तरी पूर्ण संदेश पुन्हा पाठवावा लागतो.

टप्पा 7: घेणं, तपासणं आणि पोच देणं

घेणाऱ्याने पाठवणं चालू असताना काहीही हलवायचं नाही. मोड नाही, कर्सर नाही, आवाज नाही. सुरुवातीची खूण, मधला मजकूर, चेकसम आणि शेवटची खूण, सगळं अखंड आलं तरच एफएलडिजी संदेश स्वीकारतं आणि एफएलएमएसजी आपोआप उघडतं.

फॉर्म उघडला तर माइकवर पोच द्या: संदेशाचा क्रमांक किंवा विषय, आणि "चेकसम बरोबर". नुसतं "क्यूएसएल" (म्हणजे "मिळालं") पुरेसं नाही. एकामागोमाग तीन संदेश आले असतील तर क्यूएसएल नक्की कशाची, ते पाठवणाऱ्याला कळत नाही.

फॉर्म उघडला नाही, पण मजकूर जवळजवळ पूर्ण दिसतोय, अशा वेळी मोह होतो. गाळलेलं अक्षर आपणच भरून फॉर्म तयार करावासा वाटतो. तसं करू नका. "पुन्हा पाठवा" म्हणा. दुसऱ्यांदाही बिघडला तर आधी पातळी तपासा, मग मोड बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल. प्राणावर बेतलेला संदेश असेल तर मात्र थांबू नका. तो ताबडतोब आवाजात घ्या, अक्षरन् अक्षर परत वाचून दाखवा, आणि फॉर्मवर "आवाजात घेतला" असं लिहा.

*तपासा:* पोच मिळेपर्यंत पाठवणाऱ्याच्या लेखी संदेश "प्रलंबित" असतो. नोंदवहीत तसंच लिहा.

टप्पा 8: पुढे नेणं आणि उत्तर

रिले करताना आलेली फाइल जशी आहे तशी उघडून पाठवा. नवा फॉर्म भरून मजकूर पुन्हा टाइप करू नका. मूळ क्रमांक, मूळ केंद्र, मूळ वेळ यांना हात लावायचा नाही. रेडिओग्राममध्ये "चेक" म्हणून शब्दसंख्या असते. तिथे पूर्णविरामाऐवजी वापरलेला एक्सही एक शब्द मोजतात. तुमची मोजणी वेगळी आली तर आधी मागच्या केंद्राला विचारा. खरोखरच मूळ आकडा चुकलेला असेल तर तो खोडू नका. त्याच्यापुढे तिरकी रेघ मारून बरोबर आकडा लिहा, म्हणजे पुढच्याला दोन्ही दिसतील.

आयसीएस-213 चं उत्तर त्याच फॉर्मच्या उत्तराच्या टॅबमध्ये द्यायचं असतं. आलेला फॉर्म उघडा, त्या टॅबमध्ये अधिकाऱ्याचं उत्तर, नाव, हुद्दा आणि वेळ भरा, जतन करा, ऑटोसेंड करा. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर राहतात. मूळ मजकूरही सोबत परत जातो, म्हणून आकार वाढतो. पाठवण्याआधी तळाचा आकडा पुन्हा पाहा.

अधिकाऱ्याच्या हातात द्यायची प्रत फाइल मेनूतल्या व्ह्यूमधून डिलिव्हरी स्वरूपात काढा. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि छापता येते. संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून "हे बघा" म्हणणं म्हणजे संदेश देणं नव्हे. प्रत द्या, घेणाऱ्याची सही आणि वेळ तुमच्या कागदावर घ्या.

टप्पा 9: नोंद ठेवा

पाळी संपण्याआधी आयसीएस-309 हा संपर्कनोंदीचा फॉर्म भरा: वेळ, कोणाकडून, कोणाकडे, विषय. दिवसाच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद कामाची नाही, संदेशागणिक लिहा. एनबीईएमएसचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. त्यातल्या रॅपच्या उपफोल्डरात आलेल्या संदेशांच्या मूळ गुंडाळलेल्या फायली असतात, त्या पुसू नका. काय आलं होतं यावर वाद झाला तर त्याच दाखवता येतात.

आपले स्वतःचे फॉर्म बनवायचे असतील तर

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि तिचे स्वतःचे फॉर्म आहेत. तसा फॉर्म एचटीएमएलमध्ये बनवून एफएलएमएसजीच्या कस्टम फोल्डरात ठेवता येतो. तो ब्राउझरमध्ये उघडतो, आणि ब्राउझर देवनागरी नीट दाखवतो, हा आपला मोठा फायदा. रकान्यांची शीर्षकं मराठीत ठेवून आतला मजकूर रोमनमध्ये भरला तरी वेळ वाचतो, कारण हवेतून साचा जात नाही. जातात ती फक्त साच्याचं नाव, रकान्यांची नावं आणि त्यांत भरलेला मजकूर.

याच कारणामुळे साचा दोन्हीकडे तंतोतंत सारखा लागतो, फायलीच्या नावासकट. एका केंद्राने रकान्याचं आतलं नाव बदललं की त्या रकान्यातला मजकूर पलीकडच्या पानावर दिसतच नाही. चेकसम बरोबर येतो, फॉर्मही उघडतो, आणि एक चौकट रिकामी राहते. ही चूक सापडायला फार अवघड असते, म्हणून साचा नेटच्या आधी पेनड्राइव्हवरून सगळ्यांना द्या. फायलीच्या नावातच आवृत्ती क्रमांक ठेवा, आणि एकदा वाटल्यावर त्यात बदल करायचाच असेल तर नवं नाव द्या. आतल्या रकान्यांची नावं लहान, रोमन लिपीतली ठेवा, ती प्रत्येक संदेशाबरोबर जातात.

साचा वाटून झाल्यावर एक केंद्र त्यातला एकूण एक रकाना भरून पाठवेल. पहिल्यात "1", दुसऱ्यात "2", असे नुसते आकडे. प्रत्येक केंद्राने छापील साच्यावर बोट ठेवून कोणता आकडा कुठे आला ते नेट कंट्रोलला क्रमाने वाचून दाखवायचं. ज्याचा एकही आकडा चुकेल किंवा गायब असेल, त्याने जुना साचा काढून टाकून नवा घालायचा आणि पुन्हा वाचायचं.